डॉर्मर कुठे काढायचा, कसा काढायचा: छेद मांडण्यापासून पाण्याच्या चाचणीपर्यंत

उतरत्या छपरातून पुढे काढलेली, स्वतःच्या छोट्या भिंती आणि स्वतःचं छोटं छप्पर असलेली उभी खिडकी म्हणजे डॉर्मर. माळ्यावर उजेड, वारा आणि ताठ उभं राहता येईल एवढी उंची, या तीन गोष्टींसाठी तो काढतात. चौथी गोष्ट न मागता मिळते: घराचं रूप बदलतं. भिंतीतली खिडकी थोडी चुकली तर झाड लावून, पडदा टाकून सावरता येते. छपरावरचा डॉर्मर चुकला तर तो रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पुढची पन्नास वर्षं दिसतो.

बहुतेकजण सुरुवात चित्रापासून करतात. कुठेतरी एखादा सुंदर डॉर्मर पाहिलेला असतो आणि तोच आपल्या छपरावर हवा असतो. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी छपराचा छेद, मग आतली गरज, मग जागा, मग माप आणि त्यानंतर प्रकार. या क्रमाने गेलात तर प्रकारापाशी पोचेपर्यंत तो निम्मा ठरलेला असतो.

आधी छेद काढा

आलेखाचा कागद घ्या आणि १:२० प्रमाणात घराचा आडवा छेद काढा, म्हणजे घर रुंदीत उभं कापलं तर जसं दिसेल तसं चित्र. त्यासाठी तीन मापं लागतात: घराची रुंदी, माळ्याच्या जमिनीपासून आढ्यापर्यंतची उंची आणि छपराचा कोन. वासे जमिनीच्या पातळीवरूनच सुटतात की आधी हातभर भिंत आहे, हेही टिपा. त्या हातभर भिंतीने सगळं गणित बदलतं.

समजा घर ८ मीटर रुंद आहे, वासे माळ्याच्या जमिनीपासूनच सुरू होतात आणि छप्पर ४५ अंशांचं आहे. आढं ४ मीटरवर येईल. २.१ मीटर उंची मधल्या ३.८ मीटरच्या पट्ट्यात मिळेल आणि दोन्ही बाजूंना वाकून चालावं लागेल. इथे डॉर्मर खरोखर जागा वाढवतो. आता तेच घर ३० अंशांच्या छपराचं धरा. आढं २.३ मीटरवरच थांबतं आणि २.१ मीटर उंचीचा पट्टा जेमतेम ७० सेंटिमीटर उरतो. हे आकडे वाशांच्या वरच्या कडेचे आहेत. वासा, उष्णतारोधक थर आणि आतलं अस्तर मिळून २५ ते ३० सेंटिमीटर सहज जातात, म्हणजे तो पट्टाही हातचा गेला. शिवाय डॉर्मरच्या छपराला स्वतःचा उतार द्यावा लागतो आणि तो द्यायला वर उंचीच शिल्लक नाही. अशा घरात डॉर्मरने उजेड मिळेल, खोली मिळणार नाही. खोली हवी असेल तर सगळं छप्परच उचलावं लागेल, आणि ते काम वेगळं, खर्चही वेगळा. हे कागदावर कळलं तर बरं.

छेदावर नियमांच्या रेषाही ओढा. ज्या गावात बांधणार तिथले नियम अंतिम. पण अंदाजासाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही संहिता उपयोगी पडते. तिच्यात राहत्या खोलीची उंची ७ फूट, म्हणजे २.१३ मीटर, धरली आहे. उतरत्या छपराखालच्या खोलीत आवश्यक क्षेत्रफळाच्या निदान अर्ध्या भागाला ती उंची मिळावी लागते आणि ५ फुटांपेक्षा कमी उंचीची जागा त्या क्षेत्रफळात मोजतच नाहीत.

आत काय व्हायचंय ते ठरवा

डॉर्मर आतून बाहेर जायला हवा. माळ्याच्या जमिनीच्या नकाशावर पलंग, टेबल, कपाट, जिना, न्हाणीघर मांडा आणि माणूस कुठे उभा राहतो ते शोधा. पलंगाच्या डोक्याशी उंची लागत नाही. तो उताराखाली छान बसतो. कपाटापुढे, आरशापुढे, शॉवरखाली आणि जिन्याच्या तोंडाशी मात्र उंची लागतेच. जिन्यावर सुमारे २ मीटर मोकळी उंची बहुतेक नियमांत मागतात आणि जिना नेमका छप्पर खाली येतं त्या बाजूला असतो. अनेक घरांत पहिला डॉर्मर जिन्याच्या डोक्यावर काढावा लागतो आणि बाकीच्यांची जागा त्याच्यावरून ठरते.

झोपायची खोली असेल तर खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे. त्याच संहितेत यासाठी चार अटी आहेत: खिडकी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा ५.७ चौरस फूट, उंची निदान २४ इंच, रुंदी निदान २० इंच आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे नीट बघा. २० गुणिले २४ केलं तर साडेतीन चौरस फूटही भरत नाही. दोन्ही किमान मापं एकदम धरून खिडकी पास होत नाही. रुंदी २० इंच ठेवली तर उंची ४१ इंचांच्या पुढे न्यावी लागते. त्यात वर-खाली सरकणारी खिडकी अर्धीच उघडते. म्हणून अरुंद डॉर्मरला बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी सोयीची.

नुसता उजेडच हवा असेल आणि उंचीचा प्रश्न नसेल, तर डॉर्मर न काढता छपराच्या उतारातच बसणारी काच विचारात घ्या. तेवढ्याच मापात ती जास्त उजेड देते आणि वाशांना कमी धक्का लावते. तिच्यातून ऊनही सरळ आत येतं, हे विसरू नका.

जागा: पाख्यावर कुठे

आता बाहेर या. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीपाशी येतं: डॉर्मर काढल्यावरही छप्पर छप्परच दिसलं पाहिजे. त्यासाठी डॉर्मरच्या चारही बाजूंना छपराचा पट्टा शिल्लक हवा. वर आढ्यापर्यंत, खाली वळचणीपर्यंत आणि दोन्ही टोकांना. हा पट्टा कुठून खाल्लात की डॉर्मर मजल्यासारखा दिसायला लागतो आणि छप्पर त्याच्यावर टेकवलेलं झाकण वाटतं.

खालून सुरुवात करू. डॉर्मरची पुढची भिंत खालच्या भिंतीच्या रेषेपेक्षा मागे घ्या. इंग्लंडमध्ये स्वतंत्र परवानगी न घेता डॉर्मर काढायचा असेल तर तो मूळ वळचणीपासून छपराच्या उतारावर मोजून निदान २० सेंटिमीटर मागे ठेवावा, अशी अट आहे. ते किमान माप झालं. दिसायला ५०-६० सेंटिमीटर बरं, आणि वळचणीची पन्हळ साफ करायलाही जागा राहते. वर डॉर्मरचं शिखर मुख्य आढ्याच्या खालीच थांबावं. टोकाच्या त्रिकोणी भिंतीपासून मीटरभर तरी आत या. कडेला चिकटलेला डॉर्मर घराला एका बाजूला कललेलं दाखवतो.

आडव्या दिशेने खालच्या खिडक्या आधार देतात. डॉर्मरचा मध्य खालच्या खिडकीच्या मध्यावर येऊ द्या किंवा दोन खिडक्यांमधल्या भिंतीच्या बरोबर मध्यावर. दोन्ही चालतात. वीतभर इकडेतिकडे सरकलेला मात्र डोळ्याला खुपत राहतो. आतल्या गरजेमुळे तो सरकवावाच लागत असेल तर पुरता सरकवा, म्हणजे तो मुद्दाम तिथे काढला आहे हे कळतं. समोरची बाजू काटेकोर समतोल असेल, दार मधोमध आणि खिडक्या दोन्हीकडे सारख्या, तर डॉर्मरही समतोल लागतात: एक मधोमध, किंवा दोन, किंवा तीन. असमतोल घरावर एकच डॉर्मर बाजूला काढला तरी शोभतो.

दोन डॉर्मर एकमेकांच्या फार जवळ नकोत. मधल्या बोळात पाणी, पालापाचोळा आणि थंड मुलखात बर्फ साचतं. मध्ये निदान एका डॉर्मरच्या रुंदीएवढं छप्पर सोडा. धुराड्याच्या वरच्या अंगाला असा डॉर्मर नको ज्याचं पाणी थेट धुराड्यावर जाऊन आदळेल.

दिशेचाही विचार करा. मावळतीच्या उन्हाचा डॉर्मर संध्याकाळी खोली तापवतो आणि उभ्या काचेवर येणारं ते आडवं ऊन छज्जाने अडत नाही. मागच्या बाजूला शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी होणार असेल तर काढण्याआधी त्याच्याशी बोला. इंग्लंडच्या त्याच नियमांत बाजूच्या खिडकीला धूसर काच लागते आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खालचा तिचा भाग उघडता येत नाही.

माप: इथेच सगळं बिघडतं

जुन्या, नजरेत भरणाऱ्या डॉर्मरकडे नीट पाहिलंत तर पुढून खिडकीशिवाय फारसं काही दिसत नाही. खिडकी, तिच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढी चौकट आणि लगेच कोपरा. आजचे डॉर्मर जाडजूड का दिसतात? कारण ते साध्या भिंतीसारखे बांधले जातात. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दुहेरी खांबट्या, मग उष्णतारोधक थर, मग बाहेरची फळी, मग कोपऱ्याची पट्टी. दोन्हीकडे मिळून ६०-७० सेंटिमीटर भिंत वाढते आणि मध्ये खिडकी हरवते.

उपाय बांधकामात आहे. दुपाखी डॉर्मरचं छोटं छप्पर फारसं वजन टाकत नाही, म्हणून खिडकीच्या बाजूला एकच खांबटी बहुतेकदा पुरते. तेवढं स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. खिडकीची चौकट आणि कोपऱ्याची पट्टी वेगळी न ठेवता एकच करा. बाजूच्या भिंतींत जाड मऊ थराऐवजी पातळ पण जास्त उष्णता अडवणारा कडक फोमचा थर वापरा. सुताराला हे आधी सांगावं लागतं, कारण सवयीने तो नेहमीची भिंत उभी करतो.

डॉर्मरची खिडकी खालच्या मजल्याच्या खिडकीपेक्षा थोडी लहान, फार तर तेवढीच. घर वर जाताना हलकं होत गेलं पाहिजे. तावदानांची विभागणी मात्र खालच्यासारखीच ठेवा. सगळ्या डॉर्मरची रुंदी मिळून पाख्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असली तर समोरून छान दिसते. मागच्या बाजूला अर्ध्यापर्यंत जायला माझी हरकत नाही.

डॉर्मर मागे किती खोल जाईल हे छपराच्या कोनावर ठरतं आणि याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. पुढून पाहता बाजूची भिंत छपराच्या वर १.५ मीटर आणि रुंदी १.२ मीटर धरा. ४५ अंशांचं दुपाखी छप्पर दिलं तर शिखर आणखी ६० सेंटिमीटर वर, म्हणजे एकूण २.१ मीटर. मुख्य छप्परही ४५ अंशांचं असेल तर डॉर्मरचं आढं २.१ मीटर मागे जाऊन त्याला मिळतं. मुख्य छप्पर आणि डॉर्मर दोन्ही ३० अंशांचे केले तर शिखर १.८५ मीटरवर येतं, पण ते ३.२ मीटर मागे जातं. पुढून लहान दिसणारा डॉर्मर बाजूने लांबलचक बोगदा होतो. उताराला निवांत असलेल्या छपरावर दुपाखी डॉर्मर शोभत नाही, त्याचं कारण हेच.

प्रकार निवडताना

दुपाखी, म्हणजे गेबल डॉर्मर, उभट छपराच्या आणि त्रिकोणी टोकांच्या घरावर बसतो. त्याच्या छपराचा कोन मुख्य छपराएवढाच ठेवा. अरुंद डॉर्मरवर थोडा जास्त चालतो, कमी कधीच नको. जागा तो थोडीच देतो, खिडकीत बसण्यापुरती. उजेड आणि रूप यांसाठी तो आहे.

जागा हवी तर एकपाखी, म्हणजे शेड डॉर्मर. मघाच्या ४५ अंशांच्या घरातच बघू. पुढची भिंत वळचणीपासून ६० सेंटिमीटर मागे आणि माळ्याच्या जमिनीपासून २.५ मीटर उंच घेतली, छप्पर आढ्यापासून सोडलं, तर ३.४ मीटरच्या अंतरात ते दीड मीटर उतरतं. म्हणजे सुमारे २४ अंश. कौलं असोत वा शिंगल (एकावर एक चढवून बसवायचे पातळ चपटे तुकडे), बहुतेक आच्छादनांना हा उतार पुरतो, तरी कौलाच्या उत्पादकाने दिलेला किमान उतार बघाच. डांबरी शिंगलना साधारण ४:१२ उतार हवा, म्हणजे १२ भाग आडवं गेल्यावर ४ भाग चढणारा. २:१२ पर्यंत खाली जाता येतं, पण खाली दुहेरी थर अंथरावा लागतो. त्याहून सपाट असेल तर धातूचे पत्रे किंवा पाणी अडवणारा सलग पडदा. उदाहरणात आढ्यापासून सोडलं ते गणित सोपं व्हावं म्हणून. जमत असेल तर आढ्याखाली दोन-तीन कौलांच्या रांगा सोडून सुरुवात करा. वरचा तो पट्टा छपराची रेषा अखंड ठेवतो आणि घराला मजला चढवल्यासारखं दिसत नाही. लांब एकपाखी डॉर्मरला एकच रुंद खिडकी देण्यापेक्षा तीन-चार खिडक्यांची ओळ द्या.

तीनपाखी, म्हणजे हिप डॉर्मर, चौपाखी छपराच्या घरासाठी. त्याचे कोनवासे, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या कोपऱ्यावरचे तिरके वासे, मुख्य छपराच्या कोनवाशांशी बोलतात. दुपाखी डॉर्मर अशा छपरावर थोडा टोचतो.

आयब्रो डॉर्मरला बाजूच्या भिंती नसतात. छप्परच लाटेसारखं उचललं जातं आणि खाली कमानीची काच बसते. अमेरिकन वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसनने १८८२ मध्ये पूर्ण झालेल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या क्रेन ग्रंथालयात तो सुंदर वापरला आहे. लाकडी शिंगल, स्लेट किंवा गवताचं छप्पर असेल आणि वळणावर काम करणारा कसबी माणूस मिळत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

वॉल डॉर्मर खालच्या भिंतीतूनच सरळ वर येतो आणि वळचण तोडतो. उंच, ठसठशीत दिसतो, पण पन्हळ मध्येच थांबते, म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळी उतरती नळी द्यावी लागते. माँसार्ड छपरावर, म्हणजे १७ व्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्सुआ माँसारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन उतारांच्या छपरावर, खालचा उतार जवळजवळ उभा असल्याने डॉर्मर उथळ राहतात आणि ओळीने शोभतात. सपाट डोक्याचा डॉर्मर आधुनिक घरावर नेटका दिसतो, पण त्याला बांधतानाच निदान १:४० चा उतार द्या, म्हणजे थोडं दबल्यावरही पाणी वाहतं.

मागे खोली नसताना नुसता शोभेसाठी काढलेला डॉर्मर माझ्या मते काढूच नये. पाणी गळायच्या चार जागा वाढतात आणि रात्री त्या खिडकीत कधीच दिवा लागत नाही.

रस्त्यावरून तपासा

समोरच्या बाजूचं सरळ चित्र फसवतं. त्यात छप्पर पूर्ण उंचीचं दिसतं. प्रत्यक्षात खालून पाहताना छपराचा वरचा भाग आखडतो आणि मागे घेतलेला डॉर्मर खाली बसल्यासारखा दिसतो. म्हणून घराचे फोटो रस्त्यावरून, दोन-तीन कोनांतून घ्या आणि त्यांच्यावर पातळ कागद ठेवून डॉर्मर रेखाटा. शक्य असेल तर रिपांची चौकट आणि पुठ्ठा लावून खऱ्या मापाचा सांगाडा छपरावर उभा करायला सांगा. एका दिवसाचं काम आहे. रुंदी कमी करायचा निर्णय बहुतेकदा तेव्हाच होतो.

वासे कापण्याआधी

छप्पर तयार कैच्यांचं, म्हणजे आधीच जोडून आणलेल्या त्रिकोणी सांगाड्यांचं, असेल तर एकही तुकडा कापायचा नाही. कैचीतला प्रत्येक दांडा ताण किंवा दाब वाहत असतो. अभियंत्याच्या नकाशाशिवाय हात लावू नका. साध्या वाशांच्या छपरात भोकाच्या दोन्ही बाजूंचे वासे दुहेरी करतात आणि वर-खाली आडव्या तुळया देऊन कापलेल्या वाशांचं वजन त्यांच्याकडे वळवतात.

लांब एकपाखी डॉर्मरची गोष्ट वेगळी. साध्या छपरात दोन्ही बाजूंचे वासे एकमेकांवर रेलून उभे असतात आणि त्यांचे पाय खालच्या आडव्या लाकडी कड्या बांधून ठेवतात. आढ्याची फळी नुसती ओळ धरते, वजन घेत नाही. एका बाजूचे वासे काढले की ती रेल जाते. मग आढ्याला खरी तुळई लागते आणि तिच्या खांबांखाली थेट पायापर्यंत आधार लागतो. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

पाणी आणि उष्णता

डॉर्मर गळतो तो भिंत आणि छप्पर यांच्या सांध्यात. समोर, खिडकीच्या खाली, एक सलग पत्रा भिंतीवरून कौलांवर येतो. खिडकीची खालची कड छपरापासून २० सेंटिमीटर वर असेल तरच तो नीट बसतो. मघाच्या उदाहरणात पुढच्या भिंतीपाशी छप्पर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे खिडकी ८० ते ८५ पासून सुरू होईल. बाजूच्या भिंतींना मात्र एकच लांब पत्रा सहसा चालत नाही. तिथे पत्र्याचे छोटे काटकोनी तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढवतात: कौलांची एक रांग, तिच्यावर तुकडा, मग पुढची रांग, पुन्हा तुकडा. प्रत्येक तुकडा भिंतीवर आणि छपरावर निदान १० सेंटिमीटर. वरच्या रांगेचं पाणी त्यामुळे दर वेळी कौलावरच परत येतं. भिंतीची बाहेरची फळी या पत्र्यांवरून खाली येते आणि छपराच्या ५ सेंटिमीटर वर थांबते, म्हणजे फळीचं टोक ओलं राहत नाही. सांध्यात नुसतं सीलंट भरून काम आटोपणारा कारागीर दिसला तर काम थांबवा.

डॉर्मरने वाशांमधला हवेचा मार्गही तुटतो. वळचणीतून आत येणारी हवा भोकाच्या खालच्या तुळईपाशी अडते. तिला बाजूच्या गाळ्यांत वाट करून द्या, नाहीतर ओल धरते.

छप्पर उघडण्याआधी खिडकी आणि पत्रे हाताशी आलेले हवेत आणि ताडपत्री आढ्यावरून पलीकडे टाकून बांधलेली हवी. आतलं अस्तर लावण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. नळी खालच्या पत्र्यापासून सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं तिथेच पाणी सोडा, मग बाजूच्या सांध्यांवर, मग दोन पाख्यांच्या घळीत, शेवटी शिखरावर. आत एकजण दिवा घेऊन बसलेला असू दे. खालून वर गेल्याने कोणता सांधा गळतो ते नेमकं कळतं. वरून पाणी सोडलं तर सगळंच एकदम ओलं होतं. गळेल तो पत्रा काढून पुन्हा बसवायचा, त्या जागी परत पाणी सोडायचं आणि सगळं कोरडं राहिल्यावरच अस्तर लावायला सांगायचं.